मिठातला बर्फ

मी बांगडा खात नाही, याचं खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

रत्नागिरीत राहून बांगडा न खाणारा माणूस हा चौकशीचा विषय असतो. म्हणून एक उत्तर मी फार पूर्वीच तयार करून ठेवलं: पित्त उठतं, अंगावर गांधी येतात. तसं पुष्कळांना होतं, त्यामुळे ते सहज खपलं. लग्न झाल्यापासून बायको बांगड्याचं तिखलं वेगळ्या टोपात करते, त्यातला डाव माझ्या आमटीला लागू देत नाही. कुणाकडे जेवायला गेलो की माझ्याआधी तीच सांगते, "ह्यांना बांगडा चालत नाही हां." तिच्या या काळजीपुढे मी इतकी वर्षं खाली मान घालून जेवत आलोय. मला पित्त कधीच उठलेलं नाही.

पाऊस ओसरलाय. जांभ्याच्या गडग्यांवरचं शेवाळ काळवंडून त्याच्या खपल्या पडायला लागल्यात. तेरड्याची बोंडं नुसता हात लागला तरी तडकतात. दुपारचं ऊन पाठीवर येऊन बसतं आणि उठता उठत नाही. मिरकरवाडा बंदराकडून वारा फिरला की डिझेल आणि बांगडा असा एकत्र वास घरापर्यंत पोचतो. दरवर्षी या दिवसांत मी खिडक्या लावून घेतो, आणि दरवर्षी बायको त्या उघडते. या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणला गेली आहे. खिडक्या बंद आहेत. वास तरीही येतोय.

त्यात परवा आमच्या प्रयोगशाळेत कुरिअरनं एक थर्माकोलचा डबा आला. आत निळ्या थंड पिशव्या, आणि त्यांच्यामध्ये करंगळीच्या पेराएवढी कुपी. आता अशा कुप्या येतच असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. सही करून डबा घेतला, कुपी उजेडात धरली. तिच्या पोटावर एक बारीक चिठ्ठी होती. गोठवू नये. एवढंच. मी ती कुपी फ्रीजमध्ये ठेवली, दार लावलं, आणि नंतर बराच वेळ त्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, शेट्ये दमले.

ऐंशीच्या दशकातला उत्तरार्ध असेल. समुद्राच्या जवळच, कौलारू इमारतीत आमची छोटी प्रयोगशाळा होती. मी राजापूरचा, नुकता बीएस्सी होऊन तिथे हंगामी मदतनीस म्हणून लागलेला. माझं काम काचेची भांडी धुणं, बंदरावरून मासे आणणं, नोंदींचे तक्ते भिंतीवर लावणं. आमचे सर पुण्याचे. स्वच्छ, कडक, मनानं वाईट नाहीत, पण हसायची वेळही ठरवून ठेवल्यासारखे. आणि संशोधन करायला होती वासंती चोगले.

ती बुरोंडीची. घरची होडी, बाप आणि भाऊ समुद्रावर. एमएस्सी करून शिष्यवृत्तीवर आमच्याकडे आलेली. गावातून इतकं शिकलेली तीच पहिली, असं ती कधी म्हणायची नाही, पण तिचे वडील एकदा आले होते तेव्हा प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले आणि आत यायलाच तयार होईनात. "हितनंच बघतो," म्हणाले. वासंती त्यांना हाताला धरून आत घेऊन आली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. बाहेर पडताना मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पन जेवन वेळेवर करीत नाय. तेवढं बघा." मी बघतो म्हणालो.

तिचा प्रश्न ऐकायला साधा होता. बाजारात ताजा म्हणून विकला जाणारा मासा खरोखर ताजा आहे, की आधी कारखान्यात गोठवून, मग वितळवून पाटीत मांडलाय? डोळ्यांना कळत नाही. चांगला वितळवलेला बांगडा तसाच चकचकीत दिसतो, पाठीवरच्या हिरव्या-काळ्या नागमोडी रेघा तशाच असतात. मग ओळखायचं कशावरून?

तिनं ते मला डब्यावर समजावून दिलं. दुपारच्या जेवणाच्या वेळी तिनं आपला मोठा डबा पुढे ओढला, त्यात चटणीची छोटी डबी ठेवली. "हा मोठा डबा म्हणजे पेशी. ही डबी म्हणजे मायटोकाँड्रिया, पेशीची चूल म्हण. आता हिच्या आत एक एन्झाइम आहे, जे कधी बाहेर येत नाही. मासा नुसत्या बर्फात थंड ठेवलास तर डबीचं झाकण जसंच्या तसं राहतं. पण गोठवलास की पाण्याच्या सुया होतात, त्या झाकण फाडतात. मग मासा वितळला की..." तिनं डबी उपडी केली. लसणीची चटणी भातावर सांडली. "आलं बाहेर. तो मांसाचा रस पिळायचा आणि त्यात हे एन्झाइम सापडतं का बघायचं. सापडलं तर हा मासा एकदा गोठून आलेला आहे. मग मालकानं कितीही शपथा घेऊ देत."

"आणि सापडायचं कसं?"

त्याच्यासाठीच तेव्हा अशाच दोन कुप्या आल्या होत्या. सरांचे एक जुने सहाध्यायी परदेशात होते, त्यांच्या प्रयोगशाळेत त्यातली अँटीबॉडी तयार झाली होती. मोनोक्लोनल. तो शब्द तेव्हा इतका नवा होता की वासंती तो उच्चारताना थोडी ताठ बसायची. आपलं शरीर परक्याला ओळखायला प्रथिनं बनवतं, ती एरवी जत्रेसारखी असतात, प्रत्येकाची ओळख वेगळ्या बाजूनं. ही मात्र सगळी एकाच पेशीच्या वंशातली, एका साच्यातली. ती त्या एका एन्झाइमचा एकच कोपरा ओळखायची. त्याच्या शेजाऱ्याला नाही, भावकीतल्या कुणाला नाही. बाकी सगळं जग तिला अनोळखी.

"तुझ्यासारखीच रे शेट्ये," वासंती म्हणाली. "माणूसघाणी. एकाशीच बोलणारी."

मी हसलो. तेव्हा मी खरोखरच एकाच माणसाशी बोलायचो. ते तिच्या लक्षात आलं होतं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

मुंबईला उतरलेल्या त्या कुप्या तिनं स्वतः एसटीनं आणल्या होत्या. थर्माकोलचा खोका मांडीवर. वर ठेवा म्हटलं तरी ठेवीना. कंडक्टर वैतागला. "बाई, त्यात पोर हाय काय?" म्हणाला. "पोरच समजा," ही म्हणाली, "फक्त अर्धं तिकीट फाडू नका." हा किस्सा तिनं इतक्यांदा सांगितला होता की सरसुद्धा एकदा हसले होते.

बंदरावर बांगडा आणायला आम्ही दोघं जायचो. तिथं जनाबाय नावाची एक विक्रेती होती. तोंडाची फटकळ, पण वासंतीवर जीव. "काय गो बाय, माजे बांगडे न्हेतंस नि पिळतंस म्हनं! लुगडं हाय काय पिळायला?" मग माझ्याकडे बघून, "नि ह्यो कोन? गडी ठेवलंस काय पिळायला?" सगळ्याजणी हसायच्या. वासंतीही. माझे कान लाल व्हायचे. बर्फाच्या चुऱ्यातून काढलेला बांगडा हातात घेतला की तळव्याला चटका बसल्यासारखं होतं. आधी गार, मग जळजळ, मग काहीच नाही. ते काहीच नाही मला अजून तळव्यात आठवतं.

आणि डाग. पांढऱ्या कागदासारख्या पट्टीवर माशाच्या रसाचे थेंब ठेवायचे, त्यावर ती अँटीबॉडी सोडायची, धुवायचं, मग रंगाचं औषध. ताज्या माशाचा ठिपका कोराच राहायचा. गोठून आलेल्याचा हळूहळू जांभळट होत जायचा, करवंदाचा रस कपड्यावर पडावा तसा. पहिल्यांदा तो डाग उठला तेव्हा वासंती प्रयोगशाळेतली भाषा विसरली. "अगो बाय माझे! उठला बघ, उठला!" तिनं ती पट्टी ओलीच हातात घेऊन सरांच्या खोलीत धाव घेतली. सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "छान. पुन्हा करा." तिनं पुन्हा केलं. पुन्हा उठला. तो पावसाळा तिच्या आनंदात गेला, आणि मी त्या आनंदाच्या आसपास भांडी धूत होतो.

मग गणपती आले. गणपतीत रत्नागिरी ओस पडते असं नाही, उलट मुंबईहून माणसं उतरतात, पण ती सगळी आपापल्या वाडीला जातात. कचेऱ्या, प्रयोगशाळा, बंदर सगळं मुकं होतं. मासे कुणी खात नाही, होड्या किनाऱ्याला. सर पुण्याला गेले. आमच्या घरात त्या वर्षी सुतक होतं, गणपती बसणार नव्हता. आईला विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "येऊन काय करशील? रिकामं मखर बघायला?" मग मी इथेच राहिलो. खोलीवर एकटा, शेजारच्या घरांतून येणाऱ्या आरत्या ऐकत.

निघताना वासंतीला घाई होती. दापोलीची एसटी लागली होती. पिशवीत कापूर, उदबत्त्या, भावाच्या पोरांसाठी टिकल्यांचं पिस्तूल. तिनं फ्रीजकडे बोट दाखवलं. "ही शेवटची कुपी आहे हां शेट्ये. दुसरी संपली. लाइट गेली तर थर्मासमध्ये बर्फ घालून ठेव. एवढंच. तुझ्यावर सोडून जाते." दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "आणि तू पण जेव रे काहीतरी. खाजं आणते तुला."

तुझ्यावर सोडून जाते. या वाक्यानं मी किती मोठा झालो होतो, ते आता लिहितानाही लाज वाटते.

लाइट गेली ती गौरींच्या आदल्या दिवशी. दुपारी वारा सुटला, कुठेतरी माड तारांवर पडला, आणि सणाच्या दिवसांत दुरुस्तीला यायचं कुणी? मी सायकल घेऊन मिरजोळ्याला गेलो. बर्फाच्या कारखान्यात एकच माणूस राखणीला होता, लाकडाच्या भुशात पुरलेल्या लाद्यांच्या शेजारी खाट टाकून. "गनपतीत बर्फ? कोन मेला काय?" म्हणाला. नाही म्हटलं, औषध ठेवायचंय. त्यानं लादीचा तुकडा फोडून गोणपाटात बांधून दिला. परत येताना सायकलच्या मागे पाण्याची रेघ पडत होती. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला, गुलाबी. मी पेडल मारत होतो आणि मनात एकच: ती आल्यावर सांगायचं, लाइट गेली होती, पण मी ठेवली सांभाळून.

आता जे केलं ते. आमच्या राजापूरच्या घरी मे महिन्यात आंब्याचं आइस्क्रीम व्हायचं. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ, आणि काका मुठीमुठीनं खडेमीठ मारायचे. मिठाशिवाय बर्फाला जोर येत नाही, हे लहानपणी हातानं हँडल फिरवून शिकलेलं ज्ञान. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मासे खारवायचं खडेमीठ पोत्यानं पडलेलं होतं. बर्फ कमी, लाइटचा भरवसा नाही. मी थर्मासमध्ये बर्फ भरला आणि वर चांगलं दोन मुठी मीठ मारलं. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, इतका साधा हिशेब. मीठ घालू नको, हे सांगायची गरज तिला वाटली नसणार.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर कुपीतला थेंब पांढरा, टणक झाला होता. मला आनंद झाला. खरंच झाला. लाइट आली तशी ती फ्रीजमध्ये ठेवली, थेंब वितळला. लाइट पुन्हा गेली, पुन्हा मीठ, पुन्हा पांढरा. विसर्जनापर्यंत असंच. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्याकडून ढोल ऐकू यायचे, आणि मी त्या थर्मासशेजारी बसून असायचो, जसं काही मलाही एक मूर्ती सांभाळायला दिली आहे.

वासंती आली, खाजं घेऊन. पुडा माझ्या हातात देत विचारलं, "काय रे, लाइट गेली होती म्हणे? अँटीबॉडी ठीक ना?"

"हो. एकदम. बर्फात ठेवली होती."

"बरं झालं बाबा." ती खुर्चीत टेकली. "एसटीत सगळा वेळ तेच मनात होतं. गोठली असती तर संपलंच. गोठून वितळली की माशाचं होतं तेच हिचंही होतं, घडी मोडते, मग ओळखत नाही कुणाला."

माझ्या तोंडात खाज्याचा तुकडा होता. आल्याचा, गुळाचा. तो मी चावायचा थांबलो, एवढं आठवतं. त्या क्षणी माझ्याकडून फक्त चूक झालेली होती. अडाण्याची, पण मनापासून काळजी घेताना झालेली. नुसतं म्हणायचं होतं, वासंती, मी मीठ घातलं. ती चिडली असती, कदाचित रडली असती, आणि मग, मला ती चांगली ठाऊक होती, हसली असती. "आइस्क्रीम केलंस होय रे माझ्या अँटीबॉडीचं!" असं काहीतरी. वर्षभर बंदरावरच्या बायकांना सांगितलं असतं. आणि मी ते हसणंच टाळलं. नोकरी हंगामी होती, सर कडक होते, अशी कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. ती खोटी आहेत. मला तिच्यासमोर मूर्ख ठरायचं नव्हतं. एवढंच, यापेक्षा मोठं काही नाही.

बांगड्याचा हंगाम त्या वर्षी असा आला की बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. चांदीचे ढीग. गाढवाच्या पाठीवर, हातगाडीवर, डोक्यावर बांगडे. ऊन तापलेलं, वास घराघरांत. आणि वासंतीच्या पट्ट्या कोऱ्या.

ताज्याचा ठिपका कोरा, तो ठीकच. पण मुद्दाम गोठवून वितळवलेल्या बांगड्याचाही कोरा. तिनं पाणी बदललं, क्षार पुन्हा तोलले, रंगाचं औषध वेगळं तपासलं. ते उत्तम होतं. तिनं काम करताना बोलणं सोडलं. ती वाकून थेंब ठेवायची आणि मी मागे मोरीवर उभा राहून तिच्या मानेकडे बघायचो. डाग उठायची वेळ झाली की ती एकदम शांत व्हायची. पट्टी पांढरीच राहायची. ती पट्टी धुऊन वाळत टाकायची, दोरीवर, एकामागून एक. मोरीतून मला ती सगळी दोरी दिसायची.

शेवटी सरांनी दोघांना बोलावलं.

"अँटीबॉडी खराब झाली असेल तर प्रश्न संपला," सर म्हणाले. "मी लिहून दुसरी मागवतो. पण कारण सांगावं लागेल. सुट्टीत ती गोठली होती का?"

"नाही सर," वासंती म्हणाली. "शेट्ये होता ना इथे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "शेट्ये?"

"नाही सर. बर्फात ठेवली होती."

शब्द खरे होते. बर्फातच ठेवली होती.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अँटीबॉडी चांगली आहे, आणि डाग उठत नाहीत. मग पावसाळ्यात जे डाग उठले ते कशाचे होते, चोगले?"

असं होईल हे मला दिसलंच नव्हतं. मी समजत होतो, एक प्रयोग बुडेल. माझ्या एका वाक्यानं तिचे आधीचे सगळे डाग, तिचा सगळा आनंद, उलटा फिरून तिच्यावरच संशय होऊन आला. सरांनी तो शब्द उच्चारला नाही, ते सभ्य गृहस्थ होते. पण खोलीत तो होता.

वासंतीचा चेहरा उतरला. पण ती माझ्याकडे वळली नाही. मी एकच गोष्ट धरून होतो त्या वेळी, की ती माझ्याकडे वळेल, डोळ्यांत बघेल, आणि मग माझ्यानं राहवणार नाही. ती वळली नाही, कारण तिला माझा संशयच नव्हता. "माझाच हात कुठेतरी चुकतोय सर," ती म्हणाली. "शेट्येनं नीट ठेवली असणार." माझ्यावरचा विश्वास तिला सोडवला नाही, म्हणून तिनं स्वतःवरचा सोडला.

सरांनी परदेशी लिहिलं नाही. "काय तोंडानं मागू?" म्हणाले. शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. थंडी पडायच्या आधी वासंतीनं टेबल आवरलं. तिनं वाळलेल्या पट्ट्या दोरीवरून काढल्या, कोऱ्या आणि जांभळ्या वेगळ्या केल्या, मग काय मनात आलं, सगळ्या एकत्रच कचऱ्यात टाकल्या. स्टँडवर मी तिची पिशवी घेऊन गेलो. जनाबाय तिला भेटायला आली होती. पदराआडून केळीच्या पानात बांधलेले दोन बांगडे काढले. "घे गो. ताजे हत. पिळून बघू नको आता." कुणी हसलं नाही. एसटी सुटली. मी परत प्रयोगशाळेत आलो आणि भांडी धुतली.

त्या दिवसापासून मला बांगडा घशाखाली उतरत नाही.

पुढे मी कायम झालो. शिफारस करताना सरांनी म्हटलं होतं, सणासुदीलाही न जाता या माणसानं काम सांभाळलं.

अशी गोष्ट पोटात ठेवली की माणसाची जीभच बदलते. कुठल्याही गप्पा सुरू झाल्या की मी आधी बघतो, ही वाट तिकडे तर जात नाही ना. म्हणून मी कमी बोलतो. कचेरीत मला शांत, सज्जन म्हणतात. सरही निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि तिथेच वारले, त्यांनाही सांगायचं राहिलं. घरी बायको शेजारी बसून लसूण सोलत असते, रेडिओ चालू असतो, आणि मला वाटतं, आत्ता सांगावं. मग ती विचारते, चहा ठेवू? मी म्हणतो, ठेव. असे किती चहा झाले. आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागतो हे तिला कधी जाणवलं असेल का? असेल. विचारलं मात्र नाही तिनं. बाहेरून मी तसाच आहे ना, नीट, चकचकीत.

वासंती मला त्यानंतर एकदाच भेटली. दापोलीत शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका टेबलामागे तीन पोरी आणि त्यांच्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून त्यांच्या बाई. केस पांढरे व्हायला लागलेले. मी ओळखलं, पण पाय पुढे पडेनात.

"काय रे माणूसघाण्या," तीच म्हणाली. "ओळख विसरलास?"

बुरोंडीच्याच शाळेत शिकवत होती. आम्ही चहा घेतला. भावाची होडी, माझी लेक, रस्त्याचं काम, असं बोललो. कप खाली ठेवताना ती म्हणाली, "एक विचारू? तू तेव्हा मागे मोरीवर उभा असायचास. बघायचास मला काम करताना. माझा हात कुठे चुकत होता रे?"

"आता काय त्याचं," मी म्हणालो.

"तसं काही नाही रे. आता कुणाला पडलंय. पण पोरींना दाखवायला काचेची नळी हातात घेतली ना, की अजून वाटतं, आपण काहीतरी सांडतोय." ती हसली. पोरींकडे बोट केलं. "म्हणून त्यांनाच करायला लावते सगळं. मी लांबून बघते."

मी तिच्या हातांकडे बघितलं. ते टेबलावर, कपाच्या दोन्ही बाजूंना होते. स्वच्छ, स्थिर. मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात स्थिर हात. आणि मी म्हणालो, "नशीब असतं एकेकाचं."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या वेळी समोर सर नव्हते, नोकरी जाणार नव्हती, कुणी हसणार नव्हतं. चहाचे दोन कप होते फक्त.

आज रविवार. सकाळी गल्लीत बांगडेवालीची हाक आली. मी दार उघडलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "घेता काय? वयनी नाय वाटतं घरात," म्हणाली. पाटीत बांगडे होते, त्यांच्यावर बर्फाचा चुरा. चुऱ्यात मिठाचे खडे दिसत होते. मी दोन घेतले. ते आता ओट्यावर आहेत, मला नीट करताही येत नाहीत. हे लिहून होईपर्यंत त्यांच्या भोवतीचं पाणी ओट्याच्या कडेपर्यंत आलंय.

हे छापून येईल तेव्हा बायको वाचेल आणि तिला वेगळ्या टोपाचं कळेल. तिला काय सांगायचं ते मी तिच्यासमोर बसून सांगेन. पण वासंतीपर्यंत हा अंक पोचेलच असं नाही, आणि पोचला तरी ते तिला सांगितल्यासारखं होणार नाही. दापोलीची एसटी अजून सुटते, तिथून बुरोंडीला जाता येतं. मी अजून गेलेलो नाही.

वासंती चोगलेला तिच्या समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून, मी हे सांगणं लागतो: अँटीबॉडी मी गोठवली होती, तुझे डाग खरे होते, तुझा हात कधीच चुकला नव्हता.